मोफत औषधाची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वृद्धांचा प्रश्न आपल्या शिबिरांत बहुधा शेवटच्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात ठेवला जातो. आजही तसेच झाले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्मे माझ्याच वयाचे आहेत आणि हा विषय त्यांना डोळे मिटूनही समजतो. तरुण साथींना मात्र माझी विनंती आहे की, हा करुणेचा विषय आहे अशा समजुतीने त्यांनी ऐकू नये. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. आज मी एक हिशेब मांडणार आहे, आणि तो हिशेब म्हणूनच तपासला जावा.

हिशेब आमच्या तालुक्यातील एका वाडीवर राहणाऱ्या आजींचा आहे. वय ७६, सारी हयात दुसऱ्याच्या शेतात खुरपण्यात गेली. रक्तदाबाचा विकार आहे, एका डोळ्याने अंधुक दिसते, गुडघे गेलेले आहेत. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये त्यांना मिळतात. म्हणजे शासनाच्या दप्तरी ही बाई 'लाभार्थी' आहे आणि तिच्यापुरता प्रश्न सुटलेला आहे. मी एक महिनाभर त्यांच्याबरोबर हिंडलो आणि वहीत खर्च टिपून ठेवला.

प्राथमिक आरोग्य केंद्र वाडीपासून ९ किलोमीटर. तिकडे एस.टी. जात नाही, वडाप जाते. माणशी ३० रुपये. एकट्या जाणे आजींना शक्य नाही, म्हणून सून बरोबर येते. जाण्यायेण्याचे दोघींचे १२० रुपये झाले आणि सुनेचा खाडा पडला, त्या दिवसाची मजुरी २५० रुपये बुडाली. एका फेरीचे ३७० रुपये. गोळ्या पंधरा दिवसांच्याच मिळतात, म्हणून महिन्यात दोन फेऱ्या, ७४० रुपये. निवृत्तिवेतन काढण्यासाठी तालुक्याच्या गावी बँकेत जावे लागते. तेथे एस.टी. आहे, आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट पडते. शासनाचे हे दोन निर्णय चांगले आहेत हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. सुनेच्या तिकिटाचे ४० आणि तिच्या मजुरीचे २५०, असे २९० रुपये झाले. एकूण १,०३०. पंधराशेतून उरले ४७०, म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा रुपये. त्या महिन्यात एकदा केंद्रातली गोळी संपलेली होती आणि ती बाजारातून घ्यावी लागली. तो खर्च मी यात धरलेला नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. म्हणजे आजींना औषध फुकट मिळाले. त्या फुकट औषधासाठी त्यांनी व त्यांच्या सुनेने महिन्याला ७४० रुपये मोजले. आम्ही वर्गात ज्याला संधी खर्च म्हणतो तो हाच. तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, कोणत्याही लेखापरीक्षकाच्या नजरेस पडत नाही. सेवा देणाऱ्याचा खर्च शासन मोजते. सेवा घेणाऱ्याचा खर्च मोजण्याची रीतच नाही. आणि वय जसे वाढते तसे अंतर वाढत जाते. नऊ किलोमीटर हे चाळीसाव्या वर्षी नऊ किलोमीटर असतात, शहात्तराव्या वर्षी ते एका जाणत्या माणसाच्या दिवसाएवढे होतात.

अंतराला किंमत असते हे आपल्या कायद्याला ठाऊक नव्हते असे नाही. ज्या रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने १९७० च्या दशकात देशाला दिली, तिच्या पायावर उभ्या राहिलेल्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात अशी तरतूद होती की, काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावे. त्यापलीकडे दिल्यास प्रवास व राहणीच्या खर्चासाठी दहा टक्के जादा मजुरी द्यावी. धडधाकट मजुरासाठी कायद्याने पाच किलोमीटरची रेषा आखली होती. रक्तदाबाच्या म्हातारीसाठी अशी रेषा कोठेही नाही.

शासनाला दारापर्यंत जाता येत नाही, असेही नाही. १९९५ मध्ये सुरू झालेल्या पल्स पोलिओच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी पुढे घराघरांत गेले, डोंगरातल्या पाड्यांवर गेले. नवजात बालकाच्या घरी जाऊन त्याची काळजी घेण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांच्या हातून सिद्ध करून दाखवली, आणि २०११ मध्ये ती राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते. आणि सर्वांत बोलका दाखला २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचा आहे. ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मतदान करता यावे म्हणून अधिकारी, पोलीस आणि मतपेटी असा सारा लवाजमा त्यांच्या दारी गेला. मी त्याचे स्वागतच करतो. परंतु वृद्धाचे मत आणायला जी व्यवस्था दारापर्यंत पोचते, ती त्याची गोळी द्यायला का पोचत नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या मतदानानेच आपल्याला दिला आहे.

तामिळनाडूने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ५ ऑगस्ट २०२१ रोजी तेथे 'मक्कळै तेडी मरुत्तुवम' नावाची योजना सुरू झाली. 'लोकांच्या शोधात जाणारे वैद्यक' असा त्याचा अर्थ. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या गावातली आरोग्य स्वयंसेविका घरी नेऊन देते, रक्तदाब मोजते, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी व्यायाम-उपचार मिळतात. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोडे येथे असाध्य आजारातील वेदना कमी करण्याच्या सेवेचे एक छोटे केंद्र निघाले. त्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, २००८ मध्ये राज्याने त्याविषयी धोरण जाहीर केले, आणि पंचायतीच्या पैशातून परिचारिका खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. ही दोन्ही राज्ये काही सोन्याच्या खाणींवर बसलेली नाहीत.

आणि महाराष्ट्रात काय करायला हवे, ते नव्याने शोधून काढण्याचीही गरज नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्येच सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची तपासणी, आणि खिळलेल्या वृद्धांच्या घरी उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी द्यावयाच्या भेटी, हे सर्व त्याच्या आराखड्यात आहे. सपाटीवर पाच हजार व डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, हा निकष जुनाच आहे. आजींच्या वाडीपासून उपकेंद्र दीड किलोमीटरवर आहे. अलीकडे त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले, भिंती पिवळ्या झाल्या, आणि समुदाय आरोग्य अधिकारीही नेमले गेले. डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेली गोळी दर महिन्याला उपकेंद्रातून मिळावी, दोन महिन्यांची एकदम मिळावी, एवढे झाले तर त्या कुटुंबाचे वर्षाला आठ हजारांहून अधिक रुपये वाचतील. या सुधारणेला नवी इमारत लागत नाही, नवे मंत्रालयही लागत नाही. गोळ्यांचे खोके नऊ किलोमीटर पुढे सरकवावे लागते.

शासनाचा ओढा मात्र दुसरीकडे आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. उत्पन्नाची अट नाही, हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. रोजची गोळी न मिळाल्याने पक्षाघात झाला की पाच लाख उपलब्ध होतात. तो टाळणाऱ्या गोळीसाठी पंधरा दिवसांची पुडी. विमा उतरवून आरोग्यसेवा उभी राहत नाही, रुग्णालयांची बिले मात्र भागतात.

आता निवृत्तिवेतनाकडे येतो, कारण आजींना ते मिळते तरी. त्यांच्या शेजारणीला मिळत नाही.

केंद्राने १९९५ मध्ये राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू केली तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० झाला आणि त्यानंतर जवळजवळ दोन दशके ८० वर्षांखालील वृद्धांसाठी तो तेवढाच राहिला. राज्याने आपली भर घालून एकूण रक्कम २०१९ मध्ये १,००० व २०२३ मध्ये १,५०० केली. या साऱ्या काळात माझे स्वतःचे निवृत्तिवेतन, मी काहीही न करता, महागाई निर्देशांकाबरोबर वर्षातून दोनदा वाढत आले. बाजारात तूरडाळ मला आणि त्या आजींना एकाच भावाने मिळते.

पण रकमेपेक्षा अट अधिक अन्यायकारक आहे. श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. ज्या घरात एका माणसाने शासनाच्याच कामावर ७१ दिवस माती उपसली, त्या घराचे उत्पन्न २१,०८७ रुपये झाले आणि घरातली म्हातारी अपात्र ठरली. हमी शंभर दिवसांची! एका हाताने शासन जे काम देते ते पुरते केले, तर दुसऱ्या हाताचे दान काढून घेतले जाते. परिणाम काय होतो हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मुलगा व आईबाप शिधापत्रिका वेगळ्या करतात, एका चुलीवर जेवणारे कागदोपत्री विभक्त होतात, आणि दाखला देणाराही खोटे आहे हे जाणूनच सही करतो. हा नियम प्रामाणिक गरिबाला बाहेर ठेवतो आणि खटपट्याला आत घेतो.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. वय २१ ते ६५, दरमहा १,५०० रुपये, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. बाईच्या हाती थेट पैसा जावा याला माझा विरोध नाही, असूही नये. परंतु हे दोन शासकीय नियम शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका बाईचे कुटुंब वर्षाला ऐंशी हजार मिळवते. चौसष्टाव्या वर्षी ती शासनाची बहीण असते आणि तिला दीड हजार मिळतात. पासष्टी ओलांडली की ती रक्कम थांबते, आणि श्रावणबाळाच्या दारात गेली तर तेथे एकवीस हजारांची पाटी लावलेली असते. वय वाढले, अंगातले बळ गेले, कामावर कोणी घेईना, आणि नेमक्या त्याच वेळी शासनाच्या लेखी ती श्रीमंत झाली. ही नजरचूक असेल तर ती एका शासन निर्णयाने दुरुस्त होऊ शकते. नजरचूक नसेल, तर मतदार म्हणून म्हातारीचे वजन कमी आहे एवढाच तिचा अर्थ.

पैसा कोठून आणायचा, असे मला दरवेळी विचारले जाते. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्य, आजार व बेकारी यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क सांगितला, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी मेख त्याला मारून ठेवली. तेव्हा कुवतीचाच हिशेब करू. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात साठ वर्षांवरील लोक सुमारे १ कोटी ११ लाख होते. त्या सर्वांना, माझ्यासारख्या निवृत्त प्राध्यापकालाही न वगळता, दीड हजार रुपये द्यायचे म्हटले तर वर्षाला सुमारे २० हजार कोटी होतात. आज संख्या वाढली आहे, रक्कम वाढेल. लाडकी बहीण योजना जाहीर करताना शासनाने वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला होता. म्हणजे निवडणूक समोर दिसू लागली की कुवत एका अर्थसंकल्पात सापडते. माझ्यासारख्यांना वगळून तो पैसा गरजूंना अधिक द्यावा हे न्याय्यच होईल. पण वगळण्याची कसोटी आयकर असावी, तलाठ्याचा दाखला असू नये.

पात्रता ठरवते कोण, हेही पाहा. तालुक्याच्या समितीवर पालकमंत्र्यांच्या शिफारशीचा अशासकीय अध्यक्ष असतो आणि तहसीलदार सचिव असतात. म्हणून मंजुरीचे पत्र मिळाले की वृद्धाला वाटते, अमुक साहेबांनी माझे काम केले. काही तालुक्यांत अशी पत्रे सभा भरवून, हार घालून वाटली जातात. हयातीचा दाखला दरवर्षी, आधार जोडणी वेगळी, आणि आयुष्यभर खुरपे धरलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, निवृत्तिवेतन महसूल खात्याकडे, वृद्धाश्रम सामाजिक न्याय विभागाकडे. तीन खाती, तीन दिशा, आणि चालणारे गुडघे तेच. श्रावणबाळाने आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून खांद्यावरून नेले, अशी कथा आहे. त्याचे नाव घेतलेल्या योजनेत आईबापच चालत तहसिलीत जातात.

मुलांनी सांभाळावे ना, असे मध्यमवर्गीय सभांत हमखास ऐकू येते. २००७ च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय केली आहे आणि शहरातील काही वृद्धांना तिचा उपयोग होतोही. परंतु आजींची सून खाडा करून त्यांना केंद्रात नेते. ती सांभाळतेच आहे. जिची मजुरीच अडीचशे रुपये आहे तिच्याकडून कायदा काय वसूल करणार?

आता थोडे आपल्याविषयी, आणि हे ऐकायला कडू लागेल. १४ मार्च २०२३ रोजी राज्यातील सरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांवर अन्याय झाला आहे, असे माझे मत आहे. मी त्यांच्या मोर्चात चाललो. त्या आठवड्यात मी ऐकलेल्या एकाही भाषणात शेतमजुराच्या वार्धक्याचा उल्लेख नव्हता. आमच्याच व्यासपीठांवरही नव्हता. संघटित कामगाराचे निवृत्तिवेतन हा हक्क आणि असंघटिताचे अनुदान ही दया, हा भेद शासनाने केला हे खरे, पण आपण तो मुकाट्याने मानला. बाबा आढाव यांनी तो मानला नाही. हमालांत काम करतानाच त्यांनी वार्धक्याचा प्रश्न श्रमाच्या हक्काशी जोडला, आणि २०१२ मध्ये अरुणा रॉय यांच्यासह पेन्शन परिषदेतून किमान वेतनाच्या निम्म्याइतके सार्वत्रिक निवृत्तिवेतन मागितले. योगायोग पाहा: १९८० साली महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, आणि त्याच साली केरळात शेतमजुरांचे निवृत्तिवेतन सुरू झाले. रकमा दोन्हीकडे किरकोळच होत्या. पण येथे अर्जदाराने आपण निराधार आहोत हे सिद्ध करायचे होते, तेथे आपण श्रम केले हे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या दोन शब्दांनी दोन वेगळ्या चळवळी घडवल्या.

शहरांविषयी बोलायला वेळ नाही. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, दवाखान्याच्या वेळा आणि रांगेच्या तासांत मोजतात. तेथील साथींनी आपला हिशेब वेगळा मांडावा.

आपल्या तालुक्यापुरते काम मला असे दिसते. प्रत्येक कार्यकर्त्याने एक उपकेंद्र निवडावे. त्याच्या हद्दीतील साठीवरच्या माणसांची यादी करावी: रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या कोणाला चालू आहेत, त्या कोठून मिळतात, महिन्यात फेऱ्या किती, बरोबर कोण जाते, किती मजुरी बुडते. मी आजींसाठी केली तशी वही करावी. ती वही ग्रामसभेत वाचावी आणि उपकेंद्रातून गोळ्या मिळाव्यात असा ठराव जिल्हा परिषदेकडे पाठवावा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा अपंगांसाठी खर्च करण्याचा नियम आहे. तसाच वाटा वृद्धांसाठी राखून ठेवण्याची मागणी त्याच ठरावात घालावी. हे करताना आशाताईंच्या माथी बिनमोबदल्याचे आणखी एक काम मारू नका. वृद्धांच्या घरभेटीला मोबदला मिळालाच पाहिजे, हे त्यांच्या संघटनेशी बोलून आधी ठरवा. नाहीतर एका कष्टकरी बाईचा भार आपण दुसरीच्या डोक्यावर ठेवू.

नमुन्याच्या वहीच्या प्रती मी आणल्या आहेत. बाहेर पुस्तकांच्या टेबलावर त्या ठेवल्या आहेत. पहिल्या पानावर त्या आजींचाच हिशेब आहे, त्यांच्या परवानगीने, नाव गाळून. मजुरीच्या रकान्यात सुनेचे २५० रुपये लिहिले तेव्हा आजी म्हणाल्या, "तिचा खाडा कशाला लिवता, ती घरचीच हाय की." तो रकाना कोणाच्याही सांगण्यावरून कोरा ठेवू नका.